नांदूर मध्यमेश्वर: गाळ काढा म्हणणारे आणि गाळावर जगणारे

मनवा | १२ जानेवारी, रात्री ९.४०

गेल्या रविवारी बाबांना घेऊन नांदूर मध्यमेश्वरला, निफाडजवळ गोदावरीच्या बंधाऱ्यावरच्या पक्षी अभयारण्यात, जाऊन आले. नाशिकरोडहून पहाटे साडेपाचला निघालो. निफाडचा पारा किती उतरला ते दर हिवाळ्यात पेपरात वाचतो, पण गाडीची काच खाली केल्यावर कान बधिर झाले तेव्हा खरं कळलं. बागांमधून शेकोट्यांचा धूर जमिनीलगत पसरला होता. चापडगावच्या मनोऱ्याशी पोचलो तर पाण्यावर धुकं. पक्षी दिसायच्या आधी ऐकू आले, शेकडो गळ्यांतून एकाच वेळी येणारा गलबला.

धुकं विरळ झालं आणि काळ्या पक्ष्यांचा मोठा थवा समोर आला. सोबतचा गाईड मुलगा म्हणाला, "हे वारकरी." बाबा माळकरी आहेत, दोन वेळा आळंदीहून पंढरपूरला चालत गेलेत. कपाळावरचा पांढरा टिळा बघून हे नाव पडलंय असं त्यानं सांगितलं, तेव्हा बाबांनी दुर्बीण डोळ्याला लावली ती बराच वेळ काढलीच नाही. तेवढ्यात पाणकणसांवरून अगदी खालून एक शिकारी पक्षी तरंगत आला. दलदली भोवत्या. विखुरलेले सगळे वारकरी क्षणात एकत्र सरकले, अंगाला अंग लावून एकच काळी चादर झाली आणि पाणी उडवायला लागले. भोवत्या दोन चकरा मारून निघून गेला. बाबा एवढंच म्हणाले, "दिंडी सोडली नाही."

हळदीकुंकू बदकं पाहिली (चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके, यापेक्षा चपखल नाव दुसरं सुचणार नाही), चमचे पक्षी पाहिले, चित्रबलाक पाहिले. परत येताना रस्त्यावरच्या टपरीवर चहाला थांबलो. तिथल्या एका आजोबांनी विचारलं, "पक्षी बघायला आलता का?" हो म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "एकदा आमची घरंबी बघून जा. एकोणीस सालात छातीएवढं पाणी होतं. त्या बंधाऱ्यातला गाळ काढा म्हणून सांगा कुणाला तरी."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या उथळ पाण्यात मी सकाळभर पक्षी बघितले ते पाणी उथळ आहे गाळामुळेच, एवढं मला कळतं. आजोबांचं घर बुडालं हेही खरं. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. गाळ काढायचा की नाही?


दुर्बीण | १२ जानेवारी, रात्री १०.५५

नाही. कारण सांगतो.

तुम्ही तलवार बदकं पाहिली असतील, शेपूट आभाळाकडे आणि डोकं पाण्यात. ती बुडी मारत नाहीत. मान जिथवर पोचेल तिथवरचंच त्यांचं ताट. थापट्या तर पाण्याच्या वरच्या थरातूनच चोचीनं गाळून खातो. शेकाट्या त्याच्या लांब पायांवर उभा राहू शकतो तिथपर्यंतच जातो, पाणटिवळ्याची चोच चिखलात जेवढी रुतेल तेवढंच त्याचं राज्य. हातभर पाणी आणि खाली मऊ चिखल, यावर हे सगळं उभं आहे. ते पाणी पुरुषभर खोल करा. लालसरीसारखी बुडी मारणारी बदकं आणि पाणकावळे राहतील. बाकीची वरच्या वर निघून जातील.

ही जागा १९८६ मध्ये अभयारण्य झाली. त्याच्याही आधी पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी तिला राजस्थानातल्या प्रसिद्ध पाणथळावरून महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं. २०२० च्या जानेवारीत ती राज्यातली पहिली रामसर जागा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाली, लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर आली. रामसरच्या नोंदीत इथल्या ५३६ जातींचा उल्लेख आहे, म्हणजे झाडं, मासे, पक्षी, प्राणी सगळं धरून. देवळालीच्या नावानं ओळखला जाणारा एक चिमुकला मासा त्यात आहे, तो अतिसंकटग्रस्त आहे. आजूबाजूला पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख आणि मधोमध हे. एकदा पोकलेन घातला की पुन्हा बनायला आणखी शंभर वर्षं लागतील.


अनघा_पुणे | १३ जानेवारी, सकाळी ८.१०

वाचतेय. मुलांना घेऊन जायचं तर केव्हा जावं?


दुर्बीण | १३ जानेवारी, सकाळी ८.३०

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटेच. मुलांना मातकट रंगाचे कपडे घाला, भडक नकोत, आणि गाईड नक्की घ्या. काठच्या गावांतलीच मुलं आहेत, नजर फार तयार आहे त्यांची.


जुना पाटकरी | १३ जानेवारी, दुपारी ३.१५

मी कालव्यावर नोकरी केली, आता निवृत्त. थोडं तांत्रिक लिहितो, कंटाळा करू नका.

पहिली गोष्ट, हे धरण नव्हे. हा पिकअप वेअर आहे. इंग्रजी अमदानीत, १९०७ ते १९१३ च्या दरम्यान गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी दगडी बंधारा घातला, तो पाणी साठवायला नव्हताच. वर दारणा धरण (तेही त्याच काळातलं, १९१६ चं), पुढे गंगापूर. तिथून सोडलेलं पाणी नदीनं वाहत इथे यायचं, इथे अडवून त्याची पातळी उचलायची आणि डाव्या-उजव्या कालव्यात वळवायचं. कोपरगाव, राहाता, तिकडचा ऊस या पाण्यावर वाढला. नंतर मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूर तालुक्यांकडे जाणारा जलद कालवाही झाला.

आता बघा. पाणी बंधाऱ्याशी आलं की वेग मरतो, आणि वेग मेला की नदी हातातला गाळ खाली ठेवते. शंभर वर्षं ती तेच करतेय. आधी पात्रात उंचवटे झाले, उंचवट्यांवर पाणकणीस आलं, पाणकणसानं आणखी गाळ धरला, बेटं झाली. आमच्या खात्याच्या दृष्टीनं हे नुकसान. पण ते नुकसानच तुमचं अभयारण्य आहे. ते कुणी ठरवून केलेलं नाही.

दुसरी गोष्ट. निफाडच्या आसपासची तळी उन्हाळ्यात आटतात, इथे पाणी राहतं ते आवर्तनामुळे. सिंचनाचं आवर्तन सुटलं की वरच्या धरणांचं पाणी या पात्रातूनच जातं. कॅलेंडर पाटबंधाऱ्याचं आहे, पक्षी त्यावर जगतात. तेव्हा पक्षी राखायचे तर पाणी कधी सोडायचं आणि पातळी किती ठेवायची या चर्चेत पक्ष्यांच्या बाजूनं कुणीतरी बसायला हवं. नुसता फलक लावून भागत नाही.


द्राक्षबाग | १३ जानेवारी, रात्री ८.५०

मी सायखेड्याच्या बाजूचा. द्राक्ष, कांदा, थोडा गहू. हा धागा भाच्यानं दाखवला म्हणून पहिल्यांदाच इथे लिहितोय.

दुर्बीण साहेब, तुमचं सगळं खरं आहे. पक्षी मलाही आवडतात. पण ऑगस्ट २०१९ मध्ये तुम्ही आमच्याकडे असायला पाहिजे होतात. चांदोरी, सायखेडा, सगळीकडे पाणी. आमच्या आईला पाटावर बसवून माळवदावर चढवली. खाली कणगीतले गहू फुगून कणगी फुटली, तो आवाज मला अजून आठवतो. पाणी उतरल्यावर घरात वीतभर चिखल. तोच हा गाळ, ज्यावर तुमची तलवार बदकं जेवतात.

आम्ही गाळ काढा म्हणतो ते पक्षी हाकलायला नाही. माझे आजोबा सांगायचे, नदीचं पात्र खोल होतं, पोहायला दम लागायचा. आता जनावर उभं राहतं. पात्र भरलं की पाणी आडवं पसरणार, दुसरं करणार काय ते. वर शहराचं सांडपाणी येतंय, त्यावर जलपर्णी पोसली जातेय, ती पुरात वाहत येऊन पुलाला अडकते आणि पाणी आणखी तुंबतं. यातलं आमच्या हातात काय आहे सांगा.

आणि गव्हाबद्दल कुणी बोलत नाही. जांभळ्या पाणकोंबड्या पहाटे शिवारात उतरतात, कोवळं पीक मुळापासून उपटतात. अभयारण्य म्हणून आम्ही हाताळतही नाही त्यांना, डबा वाजवतो फक्त. उसात बिबट्या, तोही आमच्याच वाट्याला.


मनवा | १३ जानेवारी, रात्री ९.२५

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. त्या आजोबांना मी जे विचारू शकले नाही ते तुम्ही सांगितलंत. पाटकरी काका, गाळ काढला तर यांचा पूर खरंच कमी होईल का?


जुना पाटकरी | १४ जानेवारी, सकाळी ११.०५

हिशेब मांडतो.

नांदूर मध्यमेश्वरची क्षमता नोंदीत २५७ दशलक्ष घनफूट धरतात. गंगापूरची साडेपाच हजारांच्या वर, दारणेची सात हजारांच्या वर. म्हणजे हा बंधारा त्यांच्यापुढे वाटी आहे. मोठ्या पुरात इथून लाखभर क्युसेक पाणी जातं असं धरा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. २५७ दशलक्षला लाखानं भागा, २५७० सेकंद येतात. त्रेचाळीस मिनिटं. हा बंधारा तळापर्यंत कोरून रिकामा ठेवला तरी लाख क्युसेकच्या पुरात तो त्रेचाळीस मिनिटांत काठोकाठ भरेल. पूर तर दीड-दोन दिवस चालतो. तेव्हा बंधाऱ्याच्या पोटातला गाळ काढून पूर थांबेल असं जे कोणी सांगत असेल त्याला हा भागाकार करायला सांगा.


द्राक्षबाग | १४ जानेवारी, दुपारी १.२०

काका, भागाकार पटला. पण मी साठवणीचं बोलतच नाहीये. पाणी साठवू नका, जाऊ द्या म्हणतोय. बंधाऱ्याच्या पोटात नाही, आमच्या गावापाशी जे पात्र आहे त्यात उंचवटे झालेत, बाभळी माजल्यात. वाट अडली की पाणी मागे फुगतं. त्याचं काय?


जुना पाटकरी | १४ जानेवारी, दुपारी ४.४०

बरोबर पकडलंत. इथे तुमचं म्हणणं खरं आहे आणि माझं उत्तर अपुरं होतं.

वाहती धार आणि साठलेलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी. मुख्य धारेची वाट मोकळी असणं, पुलांच्या गाळ्यांत अडकलेली जलपर्णी आणि झाडोरा पावसाळ्याआधी काढणं, दरवाजे वेळेत उचलणं, आणि वरच्या धरणांतून पाणी टप्प्याटप्प्यानं सोडणं, याचा परिणाम तुमच्या दारातल्या पातळीवर होतो. काठच्या दलदलीचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. उलट काठाची दलदल पुराचं पाणी पसरायला जागा देते. तिथे भराव घालून शेतं काढली तर तेच पाणी दुसऱ्याच्या घरात जाईल.

घोळ असा होतो की मागणी "गाळ काढा" एवढीच जाते. मग जिथे मशीन उतरवणं सोपं आणि माती विकत घेणारा जवळ, तिथला गाळ निघतो. धारेतला तसाच राहतो. मी नोकरीत हे डोळ्यांनी पाहिलंय. जागा आखून द्या, खोली लिहून द्या, आणि आखताना पक्षीवाल्यांना आणि गावकऱ्यांना एकाच नावेत बसवा.


नाथसागर | १४ जानेवारी, रात्री १०.१०

आमच्या जायकवाडीला हेच दुसऱ्या रूपात आहे. पाणी ओसरलं की गाळपेराची जमीन उघडी पडते. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातले कित्येक तिथे हरभरा, गहू पेरतात. ती जमीन म्हणजे काळं लोणी, खताची गरज नाही. पण नेमक्या त्याच ओल्या कडेवर तुतारी, पाणटिवळे अशी पाखरं उतरतात. आमचंही अभयारण्य १९८६ चंच. इतकी वर्षं झाली, शेतकरी आणि पाखरू एकाच पट्ट्याकडे बघतात, कारण तो पट्टा दोघांनाही पोसतो.


कुडचडेकार | १५ जानेवारी, सकाळी ७.००

गोव्यातून लिहितो. आमच्या कुडचडे गावाजवळ नंदा तळं आहे, गोव्याची पहिली रामसर जागा, २०२२ ची. ४२ हेक्टरचं, नांदूरपुढे अगदीच लहान. ते झुआरीच्या उपनदीला लागून आहे. पाऊस गेला की मानस (पाणी अडवायचं दार) बंद करून पाणी अडवतात, त्यावर खालच्या अंगाला भातशेती पिकते आणि तळ्यात पाखरांची दाटी होते. मानस कधी उघडायची, कधी बंद करायची हे आधी शेतीनं ठरवलं, पाखरांनी त्याच्याशी जुळवून घेतलं. उद्या शेती बंद पडली तर मानस सांभाळणारा माणूस जाईल आणि तळंही जाईल, असं मला वाटतं. तुमच्या द्राक्षबागवाल्या दादांना बाहेरचा समजू नका.


दुर्बीण | १५ जानेवारी, रात्री ९.३०

दोन दिवस विचार करत होतो. माझ्या पहिल्या प्रतिसादातला "नाही" थोडा घाईचा होता.

आपण ज्याचं नाव या जागेला देतो त्या भरतपूरचीच गोष्ट सांगतो. तेही माणसानं बांध घालून केलेलं पाणथळ, राजांच्या शिकारीसाठी. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तिथली गुरांची चराई एकदम बंद केली. गावकऱ्यांशी संघर्ष झाला, गोळीबारात माणसं मेली. उद्देश पक्ष्यांच्या भल्याचा होता. पण म्हशी बंद झाल्यावर पाण्यातलं गवत असं माजलं की उघडं पाणीच झाकलं गेलं आणि पक्ष्यांना उतरायला जागा कमी पडू लागली. मुंबईच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) अभ्यासातून मग कळलं की त्या म्हशी गवत ताब्यात ठेवत होत्या. पुढे पाण्याचे तंटे आले, आणि २००२ नंतर सायबेरियाचे क्रौंच तिथे दिसले नाहीत. त्याची कारणं त्यांच्या सगळ्या प्रवासवाटेवर होती, एकट्या भरतपुरात नव्हती. पण काठच्या माणसाला वगळून केलेलं रक्षण कसं उलटतं ते तिथे दिसलं.

द्राक्षबाग, तुमच्या गव्हाच्या नुकसानीची नोंद कुणी ठेवतं का? नसेल तर आपण मिळून ठेवू. तारीख, क्षेत्र, कोणता पक्षी, फोटो. आम्ही पक्षिगणनेला दर वर्षी येतो, पक्षी मोजतो आणि परत जातो. शिवारात कधी उतरलोच नाही.


द्राक्षबाग | १६ जानेवारी, पहाटे ५.४५

या की. चहा आमच्याकडे. बागेत पाणी धरायला उठलोय म्हणून आत्ता लिहितोय.

एक सांगायचं राहिलं. आमच्या मक्याच्या काढलेल्या रानात थंडीत क्रौंच येतात. उंच, राखाडी, मान काळी. सांडलेले दाणे टिपतात. दहा-बारा असतात कधी. त्यांचा आवाज आला की आई अंगणात येऊन उभी राहते. ऐंशीच्या पुढे आहे, दिसत नाही नीट, पण आवाजावरून सांगते आले म्हणून. त्यांना आम्ही डबा वाजवत नाही.

आणि मनवाताई, पाखरं थंडीत सगळेच बघतात. तुम्ही श्रावणात या. पाणी बघायला या.


मनवा | २४ ऑगस्ट, रात्री १०.२०

धागा वर काढतेय. आज बाबा आणि मी द्राक्षबाग दादांकडे जाऊन आलो. दुर्बीणही आले होते, त्यांची नोंदवही घेऊन. जानेवारी ते मार्च मिळून दादांनी आणि शेजाऱ्यांनी एकोणीस पानं भरलीत. वहीला शाळेच्या पोरांच्या वहीसारखं खाकी कव्हर घातलंय.

घराच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ आहे. वरून रंग दिला तरी ओल पुन्हा तिथपर्यंतच वर येते. बाबा तिच्याशेजारी उभे राहिले, त्यांच्या छातीला लागली.

पाणी या वर्षी घरापर्यंत आलेलं नाही, पण गढूळ, तांबडं, फुगलेलं. हिवाळ्यातली एकही जागा मला ओळखता आली नाही. चमचे, तलवार बदकं, कुणी नाही. मग दादांनी बांधाच्या कडेला नेऊन बोटानं दाखवलं. जलपर्णीच्या तुटून आलेल्या एका तराफ्यावर कमळपक्षी होता, पावसाळ्यातल्या लांब काळ्या शेपटीचा. अंग फुगवून बसला होता. पावसाची सर आली तेव्हा कळलं का ते. त्याच्या पंखांखालून लहान लहान पायांची बोटं बाहेर लोंबत होती. इतकी लांब बोटं, इतक्या लहान पिल्लाला. दुर्बीण म्हणाले, हा बाप आहे, यांच्यात मादी अंडी घालून दुसरीकडे जाते आणि बसतो नर. ज्या जलपर्णीला आपण या धाग्यावर शिव्या दिल्या तिच्यावरच त्यानं संसार मांडलेला. सर थांबली, पिल्लं एकेक करून बाहेर आली, तीन होती. तराफा हळूहळू धारेकडे सरकत होता आणि आम्ही चौघं बांधावर उभे राहून तो कुठे अडकतो का ते बघत होतो. एका बुडालेल्या बाभळीला लागला, थांबला.

दादांनी सकाळी पाण्याच्या काठाला एक काठी रोवली होती, त्यांची नेहमीची सवय. निघताना आम्ही सगळे ती बघायला गेलो. पाणी काठीपासून दोन बोटं खाली गेलं होतं.


जुना पाटकरी | २४ ऑगस्ट, रात्री ११.०५

वरून विसर्ग कमी केला असेल. तरी इगतपुरीकडे पाऊस चालू आहे, दारणेचं पाणी पोचायला वेळ लागतो. त्यांना म्हणावं रात्री एकदा उठून काठी बघा.